पहिला वॉर्ड नको गं बाई!

सरकारी दवाखाना असो की गावातलं नर्सिंग होम, बेसिनच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला असतो. तळहातावर तळहात, बोटांच्या बेचक्यांत बोटं, मग अंगठा, मग नखं... हात कसे धुवायचे याची ओळीने चित्रं. पेशंटजवळ बसून बसून कंटाळलं की आपण तो कागद वाचतो आणि मनात येतं, हे काय डॉक्टर-नर्सना शिकवायला लागतं? तर हो, लागलं होतं. आणि जो माणूस हे ठासून शिकवायला गेला त्याची नोकरी पुढे चालली नाही, मित्र तुटले आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात त्याचा जीव गेला. मैत्रिणींनो, आज त्याचीच गोष्ट सांगते. नाव जरा अवघड आहे, इग्नाझ सेमेलवाइस. एकदा जिभेवर बसलं की जात नाही.

इग्नाझचा जन्म १ जुलै १८१८चा, हंगेरीतल्या बुडा गावचा. डॅन्यूब नदीच्या एका काठाला बुडा, समोरच्या काठाला पेस्ट; पुढे ती एक झाली आणि बुडापेस्ट हे नाव पडलं. वडिलांचं किराणा मालाचं दुकान, चांगलं चालणारं. घरात दहा भावंडं, त्यातला हा पाचवा. घरात भाषा जर्मन, बाहेर हंगेरियन. का कोण जाणे, पण पोराला लिहायचा मनापासून कंटाळा. हे लक्षात ठेवा, पुढे या कंटाळ्याने फार नुकसान केलं. १८३७ साली तो व्हिएन्नाला कायदा शिकायला गेला, वर्षभरात कायदा सोडून मेडिकलला आला आणि १८४४ साली डॉक्टर झाला. बाळंतपण हा विषय त्याने घेतला आणि जुलै १८४६मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात प्रोफेसर योहान क्लाइन यांच्या हाताखाली असिस्टंट म्हणून रुजू झाला.

आता या इस्पितळाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

त्या काळी खात्यापित्या घरची बाई घरीच बाळंत व्हायची. इस्पितळात यायच्या त्या मोलकरणी, गिरणीत राबणाऱ्या, लग्नाआधी दिवस गेलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या. बाळंतपण फुकट, आणि नको असलेल्या बाळाची सोयही व्हायची. बदल्यात एकच अट, शिकाऊ मंडळी तपासतील ते मुकाट्याने सोसायचं. बाळंतिणींचे तिथे दोन विभाग होते, आपण सोयीसाठी वॉर्ड म्हणू. १८४०पासून पहिला वॉर्ड डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांसाठी आणि दुसरा सुईणीचं काम शिकणाऱ्या बायकांसाठी, अशी वाटणी झाली होती. भरती एक दिवसाआड. आज आलीस तर पहिल्यात, उद्या आलीस तर दुसऱ्यात. इमारत तीच, जेवण तेच, औषधं तीच.

आणि पहिल्या वॉर्डात बायका मरत होत्या. १८४६ साली तिथे ४०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बायका गेल्या. शंभरात अकरा. सुईणींच्या वॉर्डात त्याच वर्षी ३७५४ बाळंतपणांत १०५, म्हणजे शंभरात तीनही नाहीत. १८४२ साल तर याहून वाईट होतं, पहिल्या वॉर्डात ५१८ बायका गेल्या, शंभरात जवळजवळ सोळा.

बाळंतज्वर म्हणायचे त्याला. जुन्या वैद्यांच्या भाषेत सूतिकाज्वर. बाळंतपण सुखरूप होई, बाळ छातीशी असे, आणि एक-दोन दिवसांत बाईला हुडहुडी भरून ताप येई. पोट टम्म फुगे, हात लावू देत नसे. मग ग्लानी, बरळणं, आणि आठवड्याच्या आत खेळ खलास. आज आपल्याला कळतं ते असं, की वार पडून गेली की गर्भाशयाच्या आतला भाग म्हणजे एक ओली जखम असते. तिच्यात जंतू शिरले की ते पोटात पसरतात, तिथून रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर सगळ्या अंगात जातात. याला सेप्सिस म्हणतात. आयसीयूच्या दाराशी बसलेल्या कुठल्याही घरातल्या माणसांना हा शब्द आता ओळखीचा आहे.

बायकांना आकडे माहीत नव्हते, पण वॉर्ड माहीत होता. गावभर माहीत होता. भरतीला आलेल्या बाईला आज पहिल्या वॉर्डाची पाळी आहे असं कळलं की ती गुडघे टेकून, हात जोडून विनवायची की मला दुसऱ्यात घाला. काही जणी तर उशीर करून करून रस्त्यातच बाळंत व्हायच्या आणि लेकरू पदरात घेऊन इस्पितळात यायच्या; वाटेत अचानक झालं असं सांगितलं की फुकट सोय मिळायची आणि तपासणीही टळायची. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), या गल्लीबोळात बाळंत झालेल्या बायकांना हा ताप क्वचितच यायचा. उघड्यावर, थंडीत, कुणाच्या मदतीशिवाय बाळंत झालेली वाचते आणि प्रोफेसरांच्या देखरेखीखाली झालेली मरते, याचा अर्थ काय? हा प्रश्न इग्नाझच्या डोक्यात घुसला तो निघेचना.

मोठ्या डॉक्टरांकडे उत्तरं भरपूर होती. दूषित हवा. आकाशातली-पृथ्वीतली काही गूढ शक्ती. अंगावरचं दूध भलतीकडे जाणं. भीती. परक्या पुरुषांनी तपासल्याची लाज. इग्नाझने एकेक उत्तर घेतलं आणि दोन वॉर्डांवर तोलून पाहिलं. हवा वाईट म्हणावी तर शेजारच्या वॉर्डाची हवा काय वेगळी होती? गर्दी म्हणावी तर बायका जीव मुठीत धरून दुसऱ्या वॉर्डात धावत होत्या, गर्दी तिकडेच जास्त. सुईणी बाईला कुशीवर निजवून बाळंत करत, डॉक्टर पाठीवर. त्याने पहिल्या वॉर्डातही कुशीवर निजवायला लावलं, काही फरक नाही. मरणाऱ्या बाईला शेवटचा धर्मविधी द्यायला पाद्री यायचे, पुढे घंटा वाजवणारा सेवक. पहिल्या वॉर्डात त्यांना खाटांच्या रांगांमधून जावं लागे, ती घंटा ऐकून उरलेल्या बाळंतिणींच्या काळजाचं पाणी होई. इग्नाझने विनंती करून घंटा बंद केली. तरी मरण थांबलं नाही. एका चौकशी समितीने तर ठरवलं की परदेशी विद्यार्थी दांडगाईने तपासतात म्हणून हे होतं. विद्यार्थी निम्म्यावर आणले. चार महिने बरे गेले आणि मग पुन्हा तेच.

मला त्याची ही पद्धत फार आवडते. घरात दोन बरण्या लोणचं घातलं आणि एकाच बरणीला बुरशी आली, तर आपणही असंच करतो ना? मीठ तेच, तेल तेच, कैरी तीच. मग वेगळं काय? ओला चमचा कुठे गेला? इग्नाझ तो ओला चमचा शोधत होता.

मार्च १८४७मध्ये मन रमवायला तो मित्रांबरोबर व्हेनिसला गेला. परत येतो तर बातमी, त्याचे आवडते ज्येष्ठ सहकारी प्रोफेसर याकोब कोलेच्का गेले. पोस्टमॉर्टेम शिकवताना एका विद्यार्थ्याच्या सुरीचं टोक त्यांच्या बोटाला लागलं होतं. एवढंच. ताप चढला, अंगभर पू झाला आणि १३ मार्चला ते गेले. इग्नाझने त्यांच्या पोस्टमॉर्टेमचे कागद वाचले आणि तो हादरला. बाळंतज्वराने गेलेल्या शेकडो बायकांच्या शरीरात त्याने जे पाहिलं होतं, तेच सगळं या पुरुषाच्या शरीरात होतं. कोलेच्का काही बाळंत झाले नव्हते. म्हणजे रोग बाळंतपणाचा नव्हताच. मढ्यातलं काहीतरी सुरीवरून त्यांच्या रक्तात गेलं. मग बायकांच्या रक्तात ते कशावरून गेलं?

हातांवरून. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी पोस्टमॉर्टेम करायचे, हात जेमतेम साबणाने धुवायचे, हाताला तो वास तसाच राही, आणि तेच हात घेऊन वॉर्डात येऊन एकामागून एक बायकांना आतून तपासायचे. सुईणी पोस्टमॉर्टेम करत नव्हत्या. रस्त्यात बाळंत झालेलीला कुणी तपासतच नव्हतं. झालं, ओला चमचा सापडला. मागचा हिशेबही जुळला. याच इस्पितळात क्लाइनसाहेबांच्या आधी प्रोफेसर बोअर होते, ते मुलांना मढ्यांवर शिकवत नसत, लाकडी-कातडी बाहुलीवर शिकवत. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत शंभरात एखाद-दुसरीच बाई जायची. १८२३पासून क्लाइन आले, मढ्यांवर शिकवणं सुरू झालं, आणि मरण वाढलं.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. कारण सगळ्यात जास्त पोस्टमॉर्टेम कोण करत होतं? इग्नाझ स्वतः. बायका का मरतात हे शोधायच्या तळमळीने तो रोज पहाटे मेलेल्या बाळंतिणींना तपासायचा आणि तिथून थेट वॉर्डात जायचा. आपल्या हाताने किती जणी गेल्या ते देवालाच ठाऊक, असं त्याने पुढे स्वतःच्या पुस्तकात छापून कबूल केलं. असं लिहायला काय लागत असेल हो?

मे १८४७च्या मध्याला त्याने पहिल्या वॉर्डाच्या दारात एक भांडं ठेवलं. क्लोरीनचं पाणी. ते महाग पडायला लागलं तेव्हा क्लोरीनयुक्त चुना, म्हणजे आपण आडात आणि टाकीत टाकतो ती ब्लीचिंग पावडरच. जंतू नावाची चीज तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. त्याचा विचार साधा होता. साबणाने जात नाही तो मढ्याचा वास क्लोरीनने जातो, म्हणजे वास ज्याला आहे तेही जात असणार. नियम असा की मढ्याला हात लावून आलेल्याने यात हात आणि नखं घासून धुतल्याशिवाय बाळंतिणीला हात लावायचा नाही. मग तो विद्यार्थी असो नाहीतर मोठा साहेब.

एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका गेल्या होत्या. जूनमध्ये २६८ बाळंतपणांत सहा. जुलैमध्ये २५० बाळंतपणांत तीन. पुढच्या वर्षी, १८४८मध्ये, पूर्ण वर्षात ३५५६ बाळंतपणं आणि ४५ मृत्यू. दुसऱ्या वॉर्डात ३२१९ला ४३. दोन्ही वॉर्ड सारखे झाले. मार्च आणि ऑगस्ट असे दोन महिने तर पहिल्या वॉर्डात एकही बाई गेली नाही. ज्या वॉर्डात जायला बायका ढसाढसा रडायच्या, त्या वॉर्डात!

मध्ये एक वाईट प्रसंग घडला आणि त्यातून तो आणखी एक गोष्ट शिकला. आजच्या इस्पितळांसाठी मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर १८४७. गर्भाशयाचा कॅन्सर झालेली, घाण स्राव जाणारी एक बाई बाळंतपणासाठी आली. तिला पहिल्या खाटेवर ठेवलं. डॉक्टरांची फेरी तिच्यापासून सुरू व्हायची. तिला तपासून त्यांनी हात नुसते साबणाने धुतले, कारण ही काही मढं नव्हती, आणि पुढच्या खाटांकडे गेले. त्या वेळी बाळंत होणाऱ्या बारा जणींपैकी अकरा गेल्या. म्हणजे विष फक्त मढ्यातच असतं असं नाही, जिवंत माणसाच्या पुवातही असतं, आणि ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर डॉक्टरच्या हाताने जातं. मग नियम बदलला. वॉर्डात शिरताना एकदाच नाही, अशा पेशंटला हात लावला की दुसऱ्याला हात लावायच्या आधी पुन्हा धुवायचे. आणि असा पेशंट वेगळा ठेवायचा.

इतकं ढळढळीत दिसत असताना लोकांनी त्याला डोक्यावर घ्यायला हवं होतं. तसं झालं नाही. क्लाइनसाहेबांना हे पटलं नाही. पटलं असतं तर इतकी वर्षं आपण काय केलं, हेही मान्य करावं लागलं असतं. डॉक्टर म्हणजे प्रतिष्ठित माणूस, त्याचे हात घाणेरडे असतील ही कल्पनाच त्या मंडळींना अपमानाची वाटे. शिवाय हातावर नेमकं काय असतं, ते दाखवता येत नव्हतं. १८४८चं वर्ष क्रांतीचं, व्हिएन्ना आणि हंगेरी एकमेकांच्या विरुद्ध उभे, आणि हा पडला हंगेरियन. मार्च १८४९मध्ये त्याची मुदत संपली, ती वाढवून दिली नाही.

पण सगळा दोष दुसऱ्यांवर टाकून चालणार नाही, असं मला वाटतं. त्याने लिहिलंच नाही! त्याच्या वतीने मित्र फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी डिसेंबर १८४७मध्ये वैद्यकीय मासिकात टिपण दिलं. हा स्वतः गप्प. त्यामुळे लांबच्या डॉक्टरांपर्यंत अर्धवट गोष्ट पोचली. खरं तर स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर गॉर्डनने १७९५मध्ये आणि अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्सने १८४३मध्ये सांगितलं होतं की हा ताप डॉक्टर आणि सुईणीच एकीकडून दुसरीकडे नेतात. त्यांचंही कुणी मनावर घेतलं नव्हतं. इग्नाझकडे त्यांच्यापेक्षा मोठी गोष्ट होती, दोन वॉर्डांचे वर्षानुवर्षांचे आकडे. ते त्याने वेळेत जगापुढे मांडले नाहीत.

जर्मनीतल्या कील गावच्या डॉ. मिखाएलिस यांना मात्र पटलं. फारच पटलं. त्यांच्या नात्यातली एक तरुणी त्यांच्याच हाताखाली बाळंत होऊन बाळंतज्वराने गेली होती. ती कशाने गेली हे आता त्यांना कळलं. ऑगस्ट १८४८मध्ये त्यांनी आगगाडीखाली जीव दिला. क्लोरीनचं पाणी नाकारणाऱ्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा थोडा अंदाज मला या मृत्यूवरून येतो. काही सत्यं मानली तर जगणंच कठीण होऊन बसतं.

१८५०मध्ये इग्नाझला व्हिएन्नात शिकवायची परवानगी मिळाली, पण फक्त बाहुलीवर. त्याने कुणालाही न सांगता थोड्याच दिवसांत गाव सोडलं आणि पेस्टला आला. ज्या मित्रांनी त्याची बाजू लढवली होती त्यांचाही निरोप घेतला नाही. तिथल्या सेंट रोखुस या साध्या इस्पितळात १८५१पासून सहा वर्षं त्याने बिनपगारी काम केलं आणि ९३३ बाळंतपणांत केवळ ८ बायका तापाने गेल्या. १८५५मध्ये तो पेस्ट विद्यापीठात प्रोफेसर झाला. इथे भांडण चादरींवरून. धुलाईचं कंत्राट स्वस्तातल्या स्वस्त माणसाला दिलेलं, धुतलेल्या म्हणून येणाऱ्या चादरींवर आधीच्या बाळंतिणीचे डाग. त्या चादरींवरूनही ताप जातो हे त्याने ओळखलं आणि वरिष्ठांशी वाद घालून स्वच्छ चादरी मिळवल्या. आपल्याकडे दवाखान्यात चादर बदलून मागितली की आया कशा बघतात ते आठवून बघा.

१८५७मध्ये त्याने मारिया वाइडेनहोफर हिच्याशी लग्न केलं. ती त्याच्याहून एकोणीस वर्षांनी लहान. पाच मुलं झाली, त्यातली पहिली दोन तान्हेपणीच गेली. शेवटी १८६१मध्ये पुस्तक आलं. जाडजूड, आकड्यांनी भरलेलं, तेच तेच पुन्हा सांगणारं आणि जागोजागी विरोधकांवर तुटून पडणारं. पुस्तकाला थंड प्रतिसाद मिळाल्यावर त्याने युरोपातल्या नामवंत प्रोफेसरांना जाहीर पत्रं लिहिली आणि त्यांना सरळ खुनी म्हटलं. रस्त्यात जोडपी दिसली तरी थांबवून सांगायचा म्हणे, की बाळंतपणाला डॉक्टर आला तर आधी त्याला हात धुवायला लावा.

१८६५च्या उन्हाळ्यात त्याचं वागणं घरच्यांना ओळखू येईना. विसरायचा, भडकायचा, कुठेही काहीही बोलायचा. कसला आजार होता यावर डॉक्टरांचे आजही वाद आहेत. जुलैच्या शेवटी त्याला व्हिएन्नाला नेलं. सोबत मारिया होती, कडेला धाकटी लेक. स्टेशनवर उतरवून घ्यायला जुना मित्र हेब्रा. नवीन दवाखाना दाखवतो अशा बहाण्याने हेब्राने त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. कळल्यावर तो निघून जायला धडपडला, तेव्हा रखवालदारांनी त्याला बडवलं, हातपाय जखडले आणि अंधाऱ्या खोलीत कोंडलं. मारिया दुसऱ्या दिवशी भेटायला गेली तर तिला भेटू दिलं नाही. दोन आठवड्यांत, १३ ऑगस्ट १८६५ला, तो गेला. वय ४७. हाताची जखम चिघळली होती, विष रक्तात उतरलं होतं. पोस्टमॉर्टेम त्याच्या जुन्या इस्पितळातच झालं. कोलेच्का ज्याने गेले, पहिल्या वॉर्डातल्या बायका ज्याने गेल्या, त्यानेच तोही गेला.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर नावाच्या सर्जनने पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर पहिल्यांदा कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. मुलगा आपल्या पायांनी चालत घरी गेला. चौदा वर्षांनी, १८७९मध्ये, पॅरिसच्या सभेत बाळंतज्वराच्या कारणांवर वाद चालला असता लुई पाश्चर उठले आणि फळ्यावर मण्यांच्या माळेसारखे जंतू काढून दाखवले. इग्नाझला जे दाखवता आलं नव्हतं ते हे.

मग काय, सगळे हात धुवायला लागले? ऐका. २००१नंतरची गोष्ट आहे, अमेरिकेतली. आयसीयूतल्या पेशंटला मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेत एक नळी घालतात, औषधं आणि सलाईन देण्यासाठी. तिला सेंट्रल लाईन म्हणतात. नळी चांगलीच, पण बाहेरच्या जगातून थेट रक्तात जाणारा तो एक रस्ताही असतो. त्या रस्त्याने जंतू शिरले की तोच सेप्सिस. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच साध्या गोष्टींची यादी केली. नळी घालण्याआधी हात धुवा, टोपी-मास्क-गाऊन घालून पेशंटला पूर्ण झाका, कातडी क्लोरहेक्झिडिनने पुसा, जमेल तिथे जांघेची शीर टाळा, आणि गरज संपली की नळी लगेच काढा. यात नवं काहीच नव्हतं. नवं होतं ते वेगळंच. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला जागच्या जागी थांबवायचा हक्क नर्सला दिला. मिशिगन राज्यातल्या शंभराहून जास्त आयसीयूंनी हे केलं. २००६मध्ये निकाल छापून आला. आधी हजार नळी-दिवसांमागे मधला आकडा २.७ होता, तीन महिन्यांत तो शून्यावर आला. हजार नळी-दिवस म्हणजे शंभर पेशंटना दहा-दहा दिवस नळी.

इग्नाझने भांडं दारात ठेवलं होतं आणि पहारा स्वतः देत होता. तो गेला की पहारा गेला. इथे पहारा सिस्टरकडे दिला, आणि साहेबांनी तिचं ऐकायचं असं वरूनच ठरलं. दोन्हींत मला दिसणारा फरक हाच.

आपल्या माणसाला लघवीची नळी घातलेली असते तेव्हाही हेच. जितके दिवस नळी, तितका धोका वाढत जातो. म्हणून रोज सकाळी राऊंडला डॉक्टर आले की ही नळी अजून हवीच आहे का, एवढं विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर रागावत नाही. लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहू द्या, पण जमिनीला टेकू देऊ नका. पेशंटला कूस बदलताना ती उचलून अंगावर ठेवू नका, लघवी उलटी फिरते. जोड आपल्या हाताने उघडू नका. सलाईनच्या सुईजवळ लाली, सूज, ठणका दिसला की सिस्टरना लगेच सांगा. आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींना पाणी पाजून आल्यावर आपल्या पेशंटला हात लावण्याआधी आपणही हात धुवायचे, कारण ऑक्टोबर १८४७मधला तो हात डॉक्टरचा होता म्हणून काही बिघडलं नव्हतं, तो न धुतलेला होता म्हणून बिघडलं.

मारियाला पुढे खूप आयुष्य मिळालं. नवऱ्याच्या नावाभोवती इतकी कटुता साचली होती की तिने मुलांसकट आडनाव बदलून घेतलं, सेमेलवाइसचं झेमेरेन्यी केलं. १९०६मध्ये बुडापेस्टमध्ये इग्नाझचा संगमरवरी पुतळा उभा राहिला, तेव्हा ती हयात होती. ती गेली १९१० साली. त्याच्या अस्थी व्हिएन्नाहून आणल्या, जागा बदलत बदलत १९६४मध्ये त्या बुडातल्या त्याच्या जन्मघरी ठेवल्या. वडिलांचं किराणा दुकान जिथे होतं त्या घरात आता वैद्यकाचं संग्रहालय आहे. पुतळा आता रोखुस इस्पितळासमोर आहे, तो बिनपगारी राबला त्याच. चौथऱ्यावर तो उभा आहे, आणि खाली पायाशी एक बाई बसली आहे, मांडीवर तान्हं बाळ, मान वर करून त्याच्याकडे बघत.